बुधवारचं पाणी

उपवास मला कधी जमला नाही. लहानपणी लेंट सुरू झाला की आई चहा सोडायची, वडील तपकीर सोडायचे आणि मी मटण सोडायचे. मटण आमच्याकडे महिन्यातून एकदा व्हायचं, त्यामुळे माझा त्याग फार स्वस्तात पडायचा. वडील म्हणायचे, "हिचं आणि प्रभूचं आपापसात काहीतरी ठरलेलं दिसतंय." मीही हसायचे.

पण मोठी झाल्यावर एका वर्षी मी असा उपवास केला की आज तो आठवला तरी कान गरम होतात. तो एकाच घरात चालायचा. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी पाण्याचा थेंबसुद्धा न घेणारी कडक बाई. बाहेर पडून एसटीत बसले की खारे शेंगदाणे खायला मोकळी.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी सव्वीस वर्षांची होते, बारामतीत एका खासगी दवाखान्यात नर्स होते आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस काढून ते सुरू होतात. एरवी त्या दिवसांत आमची मंडळी चर्चमध्येच जमायची, पण त्या वर्षी नवे पाळकसाहेब आले होते आणि ते उत्साही होते. खेड्यांतल्या ख्रिस्ती घरांतही जाऊन प्रार्थना घ्यायची असं त्यांनी ठरवलं. त्यानंतरचे सहा बुधवार संध्याकाळी अंथुर्णे. इंदापूरच्या गाडीनं जायचं, तासभर गीतं आणि प्रार्थना, आणि परतीच्या गाडीनं घरी. पेटी वाजवायला मी. लेंटमध्ये आपली भक्ती वाढावी असं मला खरंच वाटत होतं. पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसलेली मी चार लोकांना दिसेन, हेही आवडत होतं.

अंथुर्ण्यात ज्या घरी जायचं होतं ते एका म्हातारीचं घर होतं. नवरा वारलेला, मुलगा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. ती शिंदीच्या पानांच्या केरसुण्या बांधायची. तिची सासू बांधायची, सासूची सासूही बांधायची. एवढं सांगितलं की आमच्याकडे पुढचं सगळ्यांना कळतं. कुणाच्या घरात केरसुण्या बांधतात हे माहीत झालं, की त्यांच्या हातचं पाणी कोण पितं आणि कोण पीत नाही, हेही विचारावं लागत नाही.

इथं मला माझ्याच घरावर बोलायला हवं. आमचे आजोबाही गावकुसाबाहेरचेच. त्यांना तहान लागली तर विहिरीवर कुणीतरी वरून पाणी ओतायचं आणि ते ओणवे होऊन ओंजळीनं प्यायचे. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. पुढे ते ख्रिस्ती झाले, वडील मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले, आम्ही बारामतीत सिमेंटच्या घरात आलो. जात आम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडली, असं वडील भाषणात सांगायचे. घरात मात्र आई 'त्यांच्यात' असा एक शब्द वापरायची. त्यांच्यात म्हणजे केरसुण्या बांधणारे, दोर वळणारे. तेही ख्रिस्तीच, आमच्याच चर्चमध्ये मागच्या सतरंजीवर बसणारे. आपल्याहून एक पायरी खाली कुणीतरी आहे, ही खात्री आम्ही फार जपून ठेवली होती. मला ती कुणी मुद्दाम शिकवली नाही, भाकरीबरोबर पोटात गेली.

पहिल्या बुधवारी बारामतीच्या स्टँडवर पाळकसाहेबांनी आणि मी कांदाभजी खाल्ली आणि गाडीत बसलो. वाटेत साखर कारखान्याच्या मळीचा वास आला, मग दोन्ही बाजूंना ऊस, मग अंथुर्णे. म्हातारीचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. अंगण असं झाडलेलं की चप्पल घालून जायला संकोच वाटावा. लिंबाखाली शिंदीच्या पानांचा ढीग होता. दहाबारा माणसं जमली. म्हातारी डोक्यावरून पदर घेऊन पुढं बसली आणि सगळी गीतं मोठ्यानं, पेटीला अजिबात न जुमानता म्हणाली.

प्रार्थना संपल्यावर तिनं चिंचेनं घासून लखलखीत केलेला पितळी तांब्या आणला. एका ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पाळकसाहेबांनी तांब्या वरून न धरता सरळ तोंडाला लावला आणि भाकरी खायला बसले. मग तांब्या माझ्यापुढं आला.

दवाखान्यात मी रक्त, ओकारी, पू सगळं हातानं काढायचे. कुणाचं आहे हे कधी विचारलं नाही. पण तो तांब्या पुढं आला आणि माझा हात उचललाच गेला नाही. किळस आली असंही नाही. फक्त हात उचलला गेला नाही.

"मावशी, माझा उपवास आहे," मी म्हणाले.

"लेंटचा?"

"हो. दर बुधवारी असतो. पाणीसुद्धा घेत नाही मी. घरी जाऊन प्रार्थना करते, मग सोडते."

इतकी गुळगुळीत थाप मी आयुष्यात मारली नव्हती. पाळकसाहेबांचा घास तोंडातच थांबला. दोनेक तासांपूर्वी भज्याच्या तेलकट कागदाला हात पुसताना त्यांनी मला पाहिलं होतं. मग ते परत जेवायला लागले.

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "पानीबी न्हाय? ह्या उन्हाच्या दिसात?"

"नाही."

"घरी किती वाजता पोचता मंग?"

"साडेनऊ होतात."

"साडेनऊ," ती स्वतःशीच म्हणाली. "देव बळ देऊ तुमास्नी."

परतीच्या गाडीत पाळकसाहेबांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि माझ्यापुढं धरली. "घ्या. का उपवास आहे?" मी मूठभर घेतले. बारामती येईपर्यंत मला त्यांचाच राग येत होता, आणि शेंगदाणे मी सगळे खाल्ले.

पुढच्या बुधवारपासून म्हातारीनं मला काही विचारायचंच बंद केलं. कुणी पाण्याचा पेला पुढं केला तर तीच म्हणायची, "शिस्टरचा उपास हाय, त्यास्नी नगा इचारू." घरातली एकुलती एक खुर्ची मला मिळायला लागली. हळूहळू माझ्याच थापेचा मला अभिमान वाटायला लागला. बारामतीतही बातमी पोचली. चर्चमधल्या एक वयस्कर बाई माझा हात धरून म्हणाल्या, "पाण्यावाचून गं? कसं जमतं तुला?" मी नुसती नजर खाली केली. नजर खाली करणं किती सोयीचं असतं ते मला तेव्हा कळलं.

एवढं मात्र खरं, की मी नर्स होते आणि मला दिसायला हवं होतं. तिसऱ्या बुधवारी म्हातारीचे ओठ फुटलेले होते. चौथ्या बुधवारी प्रार्थनेसाठी उठताना तिनं भिंत धरली. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती स्वतः काही खायची नाही, तेव्हा मी म्हटलं, यजमानीण आहे, मागून खाईल. एखाद्या पेशंटच्या बाबतीत मी इतकी आंधळी राहिले नसते.

पाचव्या बुधवारी दुपारी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात चहात खारी बुडवून खात उभी होते. एक वडापची जीप आत आली आणि म्हातारीच्या मुलानं तिला हातांवर उचलून आत आणलं. येत्या रविवारी झावळ्यांचा रविवार होता. त्या दिवशी सगळ्या ठिकाणी लोक हातात झावळ्या घेऊन चर्चला फेरी घालतात, आणि आमच्या चर्चमध्ये झावळ्या म्हणजे तिच्या शिंदीची पानं. दर वर्षी तीच पाठवायची. लहानपणापासून मी ती पानं हातात नाचवत आले होते, आणि पुढच्या वर्षी तीच पानं जाळून केलेली राख कपाळाला लावून घेत आले होते. पानं चालायची मला, राखही चालायची. तर त्या पानांसाठी ती सकाळपासून ओढ्याच्या कडेला उन्हात कोयता चालवत होती आणि तिथंच पडली.

कातडी कोरडी, जीभ कोरडी, नाडी हलकी. डॉक्टरांनी सलाईन लावायला सांगितलं. तिनं हात ओढून घेतला.

"सुई नगं. पानीबी नगं. आज शिस्टरचा बुधवार हाय."

डॉक्टरांना काही कळेना. मुलगा म्हणाला, "हा चवथा बुधवार, डाक्टरसाहेब. सकाळपासनं थेंब घेत न्हाय. आता बारामतीची गाडी पोचली आसंल, शिस्टरनं उपास सोडला आसंल, आसं म्हनती आनी मंग तांब्या तोंडाला लावती. किती सांगितलं, आयकत न्हाय."

"कोण शिस्टर?" डॉक्टर ओरडले.

माझ्या हातात कप होता. मी तो मागच्या खिडकीत सरकवला आणि पुढं झाले. म्हातारीनं मला पाहिलं. मुलानं आणलेल्या पिशवीत तो पितळी तांब्या होता. तिनं तो ओढला, माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "आधी तुमी सोडा. मंग मी सोडते."

सगळे बघत होते. मी तांब्या तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, पितळेची चव लागत होती. माझ्या तोंडात अजून खारीचा चुरा होता, तो त्या पाण्याबरोबर खाली गेला. मग ती प्यायली आणि तिनं निमूटपणे हात पुढं केला. सुई मीच लावली.

मी सुटले असंच मला वाटलं. दोन दिवस तर, खोटं का बोलू, मी तिचा जीव वाचवला अशा थाटात वावरले.

रविवारी ती आली. डॉक्टरांनी पडून राहा म्हटलं होतं तरी मुलाबरोबर शिंदीचा भारा घेऊन आली. फेरी झाली, गीत झालं, आणि पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का. आमच्याकडे देवानं आपल्यासाठी काय केलं हे कुणीही उभं राहून सांगतं, त्याला साक्ष म्हणतात. मागच्या सतरंजीवरून म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली.

"मंडळीला सलाम," ती म्हणाली. "बुधवारी मी मरता मरता वाचले. ह्या शिस्टर माझ्या तांब्यातलं पानी पिल्या. मंग मी पिले. येवढंच सांगायचं हाय."

आणि बसली. पुढच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. आईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तेवढ्यात त्या वयस्कर बाई उठल्या आणि गहिवरून म्हणाल्या की आमच्या या मुलीनं एका गरीब बहिणीच्या जिवासाठी आपला कडक उपवास मोडला, प्रभूचं प्रेम यालाच म्हणतात. लोक हालेलुया म्हणाले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी वाजवल्या नाहीत. ते माझ्या पेटीकडं बघत होते.

पुढचं गीत मलाच वाजवायचं होतं. बोटं घामानं घसरत होती. मी सूर चुकीचा धरला, मंडळी एका पट्टीत आणि पेटी दुसऱ्या. लाज नक्की कुठं वाटते ते मला त्या दिवशी कळलं. मानेच्या मागं, जिथं मागच्या लोकांची नजर पडते तिथं.

घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "खरंच प्यायलीस? तिच्या तांब्यातलं?" उपवासाबद्दल ती विचारत नव्हती. मला तिचा भयंकर राग आला, आणि दुसऱ्याच क्षणी दिसलं की आधीचे चार बुधवार मी वेगळं काय केलं होतं. म्हातारीला खरं सांगितल्याशिवाय मला उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, क्रूसापुढं बसता येणार नव्हतं. आणि सांगितलं तर ती माझ्या तोंडावर दार लावेल, मंडळीत सगळ्यांना सांगेल, याची भीती होती. भीती जास्त कशाची होती, देवाची का मंडळीची, तेही सांगते. मंडळीची.

बुधवारी मी दुपारनंतरची सुट्टी घेतली. सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. तीनच्या गाडीनं एकटी निघाले, पेटी पाळकसाहेब मागून आणणार होते. खरा उपवास कसा असतो याचा मला काही अंदाज नव्हता. गाडी कारखान्यापाशी थांबली तेव्हा रसवंतीचे घुंगरू वाजत होते, आणि मी खिडकीतून त्या बर्फ घातलेल्या ग्लासाकडं अशी बघत होते की रसवाल्यानं विचारलं, "देऊ का, ताई?" जीभ टाळूला चिकटली होती. उरलेल्या वाटेत मी काय बोलायचं ते पाठ केलं.

म्हातारी लिंबाखाली पानं चिरत बसली होती. मी उभी राहूनच बोलले.

"मावशी, मी खोटं बोलले. माझा उपवास नव्हता. एकाही बुधवारी नव्हता. तुमच्या हातचं पाणी प्यायचं नव्हतं, म्हणून सांगितलं तसं."

शेवटचं वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. ते आपोआप बाहेर आलं.

तिचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिशी तुमच्या तोंडाला कांदाभज्याचा वास येत हुता, शिस्टर. आनी दवाखान्यात तुमच्या हातात चहाचा कप हुता. मी काय आंधळी हाय व्हय?"

"मग तुम्ही का धरलात?"

तिनं पानांची एक जुडी उचलली, दातानं दोरी ताणून गाठ मारली. मग म्हणाली, "आवो, देवाचं नाव घिऊन सांगितलंत तुमी, पानी घेत न्हाय म्हनून. त्ये खोटं पडलं आस्तं तर देवापुढं कमी कुनाचं पडलं आस्तं? तुमचंच न्हवं? म्हटलं, पोरगी दिसभर लोकांचं हागमूत काढती. तिच्याच्यानं न्हाय व्हत, तर तिच्या नावाचा आपुन धरू."

मी खाली मातीतच बसले. विचारलं, "आणि दवाखान्यात तांब्या माझ्यापुढं का केलात?"

ती पहिल्यांदा हसली. "तितं म्हटलं, चहा पिती तर माझ्या तांब्यातलं पानीबी पिऊन बगू द्या एकदा. न्हायतरी मी मरतच हुते."

मग मी रडले. चारचौघींसारखं पदरानं डोळे टिपून नाही, नाक गळेपर्यंत. तिनं मला रडू दिलं. गप्प झाल्यावर माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाली, "ओठ सुकल्यात. आज धरलाय व्हय?"

मी मान हलवली. तेही सांगायची लाज वाटत होती.

"मंग आता पानी देत न्हाय. दिवस मावळू द्या. मला डाक्टरनं उपास बंद केलाय, आता तुमचा तुमी धरा." आणि तिनं पानांचा एक भारा माझ्या मांडीवर टाकला. "तंवर ह्ये चिरा."

मी दोन तास पानं चिरत बसले. शिंदीच्या पानाला टोकाशी काटा असतो. बोटांना चिरा पडल्या, दवाखान्यात सुया हाताळणाऱ्या बोटांना. तिनं माझी एक जुडी उचलून पाहिली, सोडली आणि परत बांधली.

पाळकसाहेब आले तेव्हा माझ्या साडीवर शिंदीचा भुगा होता. त्यांनी पेटी माझ्यापुढं ठेवली. त्या संध्याकाळी माझा आवाज लागला नाही, घसा कोरडा होता. कुणी दुसऱ्यासाठी सोसलं, हे मी जन्मापासून गात आले होते, पेटीवर वाजवत आले होते. पण कुणीतरी माझ्या नावानं तहानलेलं राहिलं तेव्हा ते मला कळलं. आणि कळल्यावर आनंद झाला नाही, लाजच वाटली. प्रार्थनेत मी काही मागितलं नाही. डोळे मिटून नुसती बसले, आणि कुणीतरी समोर आहे असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आमेन झाल्यावर तिनं तांब्या भरून आणला. सगळे माझ्याकडंच बघत होते. मी पूर्ण तांब्या प्यायले आणि आणखी मागितला. पाळकसाहेबांनी चटणी माझ्या बाजूला सरकवली. मी दोन भाकरी खाल्ल्या.

निघताना म्हातारी रस्त्यापर्यंत आली. एरवी ती दारातूनच सलाम करायची. लांबून गाडीचे दिवे दिसले तशी तिनं माझ्या पाठीवरचा शिंदीचा भुगा हातानं झटकला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आज तुमची गाडी बारामतीला पोचूस्तवर मला जागायला नगं. लवकर निजते."